भिंतीतली तार

१

आमच्या घरी जुळी नातवंडं आली त्या वर्षीची ही गोष्ट. घरात कुणाचीच झोप पुरी होत नव्हती. कारखान्यात कॉइल गुंडाळता गुंडाळता माझी मान पुढे पडायची आणि शेजारची ओरडायची, "आजीबाई, तारेकडे बघा, पाळणा घरी आहे!" त्यामुळे त्या बुधवारी भिंतीपलीकडून कल्ला ऐकू आला तेव्हा मला आधी वाटलं, जुळीच उठली.

तशी आमच्या बाजूला ती सकाळ रोजच्यासारखीच होती. भट्टी तापलेली होती, आत कॉइली वाळत होत्या. पहिल्या पाळीला आत शिरताना भट्टीच्या संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका दिसला नाही, एवढाच काय तो फरक. मी जांभई दिली आणि कामाला बसले.

भिंत म्हणजे दोन कारखान्यांमधली. मुळात कारखाना एकच होता. म्हाताऱ्या मालकांनी जाण्याआधी तो दोन मुलांत वाटून दिला. थोरल्याकडे ट्रान्सफॉर्मर आले, म्हणजे लोखंड, तांबं, तेल आणि कागद. धाकट्याकडे विजेचे मीटर आले, म्हणजे हिरव्या पट्ट्या आणि त्यांवर मुंगीएवढे भाग. आम्ही तिकडच्यांना चिमटेवाले म्हणायचो, ते आम्हाला हातोडेवाले. मध्ये भिंत घातली गेली आणि चहाची खोलीसुद्धा वेगळी झाली.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर तिकडचे संगणक एकामागून एक काळे पडले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर आला, की तुमचं सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, पैसे मोजा आणि किल्ली न्या. मीटरमध्ये भरायचा प्रोग्राम, नकाशे, तपासण्या, सगळं अडकलं. काम थांबलं.

पहिला काळा झालेला पडदा चिमणीच्या टेबलावरचा होता.

चिमणी माझी भाची, माझ्या दादाची एकुलती एक मुलगी. तिकडे मीटर तपासायची. तिकडचा नियम असा कडक, की मोबाईल दाराशीच जमा करायचा. आणि चिमणीच्या टेबलाखाली तिचा मोबाईल सापडला, संगणकाला वायर लावून चार्ज होत असलेला.

धाकट्या मालकांनी तो सगळ्यांसमोर उचलून धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा.

"सोमवारी पोलिसांत तक्रार जाणार," ते म्हणाले. "तोवर दुसरं काही बाहेर आलं नाही, तर तीत हिचंच नाव असेल."

२

गुरुवारी विमा कंपनीच्या बाई आल्या. खरं तर त्या या भानगडीसाठी निघाल्याच नव्हत्या. संगणकाच्या चोरांपासून जास्त धोका कुणाला, वीजयंत्रं करणाऱ्या थोरल्याला की इलेक्ट्रॉनिक वस्तू करणाऱ्या धाकट्याला, एवढं तोलून सांगायला त्यांना बोलावलं होतं. त्यावरून दोघा भावांचं केव्हापासून वाजत होतं.

थोरले म्हणायचे, "माझ्याकडे लोखंड आहे. लोखंड काय कुणी तारेतून ओढून नेणार? धोका सगळा धाकट्याचा."

धाकटे म्हणायचे, "माझ्याकडे पहारा आहे. भाऊंच्या संगणकावर बोटानं नाव काढता येईल एवढी धूळ आहे."

बाई उंच होत्या, केस आखूड. खांद्याला गरम पाण्याची बाटली. चहा नको म्हणायच्या आणि मग दुसऱ्याच्या बशीतलं बिस्किट उचलायच्या. आमच्या बायकांनी लगेच नाव ठेवलं, विमाबाई. त्यांची एकच रीत होती. जो प्रश्न भिंतीच्या एका बाजूला विचारायचा, तोच दुसऱ्या बाजूला. सर्वांत जुनं यंत्र कोणतं? बिघडलं की कुणाला बोलावता? माणूस निवृत्त झाला की त्याला काय देता?

"हे शेवटचं कशाला?" धाकट्यांच्या संगणकवाल्यानं विचारलं. त्याला सगळे पासवर्ड म्हणायचे. हाक मारली तरी तो आधी पासवर्ड विचारेल, अशी थट्टा होती.

"मला उत्सुकता आहे," विमाबाई म्हणाल्या.

"आम्ही फुलं देतो. ओळखपत्र परत घेतो. तो दाराबाहेर पडायच्या आत त्याचं नाव संगणकातून पुसलेलं असतं."

"आणि हे कुलूप घालणारं आलं कुठून?"

"मोबाईलमधून. दुसरं कुठून येणार? बाकीच्या सगळ्या वाटा मी बंद ठेवतो."

"सगळ्या म्हणजे कोणत्या कोणत्या, एकदा चालत जाऊन बघितल्यात?"

पासवर्डला राग आला. चालत जाऊन बघायच्या वाटा नसतात त्या, असं काहीतरी तो पुटपुटला.

चिमणीशी त्या बोलल्या तेव्हा घरचं माणूस म्हणून मी शेजारी बसले होते. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते.

"मोबाईल आत का नेलास?"

"बाबा एकटेच असतात. आई गेल्यापासून छातीचं दुखणं वाढलंय. दुपारी त्यांचा फोन येतो. नाही उचलला तर घाबरतात." तिनं मान खाली घातली. "नियम मोडला, ते माझं चुकलं. पण मी चोर नाही हो."

विमाबाई मोबाईल घेऊन गेल्या. शुक्रवारी सकाळी परत आल्या.

"मोबाईल स्वच्छ आहे. त्यातून काहीच आलेलं नाही."

"मग सुटली ना आमची चिमणी?" मी विचारलं.

"उलट अडकली, मावशी. मोबाईलनं नाही, तर तिनं स्वतःच्या हातानं केलं, असं आता मालक म्हणतील. सुरुवात तिच्याच टेबलापासून का झाली, ते सांगता आलं पाहिजे."

३

मग त्या आमच्या बाजूला आल्या. थोरले मालक स्वतः त्यांना फिरवत होते. पहिल्याच पावलाला विमाबाईंनी नाक वर केलं.

"काहीतरी करपलंय."

"कालची कॉइल," थोरले जरा ओशाळून म्हणाले. "भट्टी थोडी चढली. तिच्यावरचा कागद तांबूस झाला. क्वचित होतं."

क्वचित कुठलं, दोन वर्षांत झालं नव्हतं. पण मालकांपुढे मी कशाला बोलू?

"सर्वांत जुनं यंत्र कोणतं?"

"हीच. ही भट्टी आणि तिचा संगणक. नव्या संगणकाशी हिचं जमत नाही, म्हणून जुनाच ठेवलाय. आमची यंत्रं जन्मभर चालतात बाई, धाकट्यासारखं दर वर्षी नवं काढावं लागत नाही."

"आणि माणूस निवृत्त झाला की त्याला काय देता?"

"घड्याळ," थोरले म्हणाले, आणि त्यांना कुणीतरी बोलावलं म्हणून गेले.

विमाबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हात चालू ठेवूनच मी हसले.

"सगळ्यांना घड्याळ. माझ्या दादाला सोडून."

"तुमच्या दादांना का नाही?"

"दादा इथे फोरमन होता. ही भट्टी त्यानं पोरीसारखी सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ बघून त्याचं तोंड असं उतरलं, की मालकच म्हणाले, याला घड्याळ काय देता, याला भट्टी द्या! मग आमच्या वायरमननं, त्याला आम्ही फ्यूजवाला म्हणतो, दादाच्या घरच्या संगणकाला काहीतरी जोडणी करून दिली. घरबसल्या भट्टी दिसायला लागली. किती तापली, दार लागलं की नाही, सगळं. हवं तर तिथून कमीजास्तसुद्धा करायचा. तो घरी बघत असला की इथे पडद्यावर हिरवा ठिपका लागतो. आम्ही त्याला दादाचा डोळा म्हणतो."

बायका हसल्या. "अर्धा अंश चढली की फोन! सासूसुद्धा एवढा जाच करत नाही."

मी अभिमानानं बोलत होते. दुसऱ्या कुठल्या फोरमनला असा निरोप मिळाला होता?

विमाबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"मग काल कागद करपला, तेव्हा त्यांचा फोन आला?"

माझ्या हातातली तार थांबली.

४

"मावशी, चिमणीच्या टेबलामागून एक करडी वायर भिंतीत जाते. पासवर्ड म्हणतो, ती घरचीच. घरचीच म्हणजे काय?"

मला ठाऊक होतं. मीटरच्या आत बोटाच्या पेराएवढी एक कॉइल असते, ती आमच्याकडे गुंडाळली जाते. आम्ही ती तपासली की आकडे त्या वायरीतून थेट चिमणीच्या टेबलावर जातात. कारखाना एक होता तेव्हापासूनची सोय. भिंत बांधताना गवंड्यानं विचारलं होतं, हिचं काय करू? दोन्ही भाऊ म्हणाले, राहू दे. बोलणं बंद झालं तरी कॉइली लागतच होत्या.

"आणि इकडे ती कुठे येते?"

मी बोट दाखवलं. तपासणीच्या टेबलामागे एक धुळकट डबा होता. त्यातून एक वायर तपासणीला आणि दुसरी भट्टीच्या संगणकाला गेली होती.

थोरले मालक परत आले ते पांढरेफटक होऊन. करड्या वायरीचं आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"म्हणजे आता मी माझ्या भावाचं वाटोळं केलं म्हणता? भांडतो मी त्याच्याशी, पण..."

"तुमचं नाव मी घेतलेलं नाही," विमाबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त मला घड्याळ सांगितलंत."

मालकांनी खाली बघितलं.

नंतर चहाच्या खोलीत विमाबाईंनी मला समजावून सांगितलं. नातीला घास भरवावा तसं, थोडं थोडं.

"तुमची जुळी एकाच पाळण्यात निजतात?"

"हो. एकाला ताप आला की दुसऱ्याला आलाच."

"इथेही तसंच झालंय. चोर धाकट्यांच्या दारातून आलाच नाही. तिथे पहारा आहे. तो भट्टीतून आला, करड्या वायरीवरून चिमणीच्या टेबलावर उतरला. म्हणून पहिला पडदा तिचा."

"मग भट्टीला का नाही कुलूप घातलं त्यानं?"

"तिचं त्याला काय करायचं होतं? ती त्याची वाट होती. आता मला सांगा, हिरवा ठिपका कधीपासून नाही?"

मी आठवलं. बुधवारी पहिल्या पाळीला आत आले तेव्हाच नव्हता.

"आणि पडदे काळे पडले ते चहानंतर," विमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "भट्टी चालू, तिचा संगणक चालू. म्हणजे जोडणी तोडली ती घराकडून. रोज बघणाऱ्या माणसानं नेमकी त्या सकाळी जोडणी तोडली, कुणाला काही कळायच्या आधी. दुसऱ्या दिवशी कागद करपला तरी त्याचा फोन नाही. मावशी, मला तुमच्या दादांकडे घेऊन चला."

५

दादाच्या घरी दार चिमणीनंच उघडलं. कामावरून काढल्यापासून ती दिवसभर तिथेच होती, बापाचं जेवण बघत. "आत्या, काही कळलं?" तिनं विचारलं. मी नुसतंच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दादा खाटेवर बसला होता. दोन दिवसांत वाळला होता. संगणकावर वहिनीनं भरलेला रुमाल अंथरला होता.

"फोरमनसाहेब, भट्टी कशी आहे आज?" विमाबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक? डोळ्यांना त्रास होतो. महिना झाला, लावलाच नाही तो संगणक."

विमाबाईंनी संगणकामागे वाकून बघितलं. भिंतीतून येणारी वायर काढलेली होती. काढून नुसती टाकली नव्हती. एकसारखे वेढे घालून, मध्ये सुती फीत बांधून, गाठ आत वळवून ठेवली होती. ती गाठ आमच्या खात्यात सगळ्यांना दादानंच शिकवलेली. घाबरलेल्या हातांनीसुद्धा त्यानं वेटोळं नीटच घातलं होतं. आणि फितीवर धुळीचा कण नव्हता.

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. चिमणी चहा टाकत होती.

विमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, इथून पुढचं वाक्य त्यांचं नव्हे.

"दादा," मी म्हटलं, "मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता. वरचं दार नीट लावा म्हणालास."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी शेजारच्या काकांनी त्याला चोरून पेरू तोडताना पकडलं होतं, तेव्हा त्याचं तोंड जसं झालं होतं, तसंच झालं. साठी उलटलेल्या माणसाचं तसं तोंड बघवत नाही.

चहाचा ट्रे घेऊन चिमणी दारात उभी होती.

"कुठलं दार, बाबा?"

६

"त्याचा फोन यायचा," दादा म्हणाला. "आठवडाभर येत होता. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतून बोलतो म्हणायचा. किती अदबीनं बोलायचा! साहेब, तुम्ही कागद कसा वाळवता? साहेब, दमट हवेत काय करता? दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं गं."

"मी विचारत नव्हते?" चिमणी म्हणाली.

"तू औषध घेतलं का विचारायचीस."

ती दारातून एक पाऊल आत आली.

"तो म्हणाला, तुमच्या शेजारी बसल्यासारखं मलाही बघू द्या, शिकायचंय. काय काय दाबायचं ते सांगत गेला, मी दाबत गेलो. बुधवारी पहाटे उठून बसलो, तर पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. भट्टीकडे बघतच नव्हता तो. दुसरीकडेच कुठेतरी शिरत होता. मी ओळखलं. वायर उपटली."

"तोवर त्यानं भट्टीच्या संगणकात आपलं कुलूप सोडून दिलं होतं. तेव्हा कारखान्यात कळवलं असतं, तर पडदे काळे पडायच्या आत करडी वायरही निघाली असती," विमाबाई म्हणाल्या.

"हो."

"का नाही कळवलंत?"

दादानं गुडघ्यावरची लुंगी सारखी केली. "काय सांगू? मला फसवलं? मला? नव्या पोरांना तीस वर्षं ओरडत आलो, न विचारता बटणाला हात लावू नका म्हणून. आणि मीच..." त्याला धाप लागली. "वाटलं, वायर काढली, संपलं. मग दुपारी कळलं, चिमणीला धरलंय."

"आणि तरी गप्प बसलात," चिमणी म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, मोबाईल मी तुमच्यासाठी नेला होता. काल माझ्या हातचं जेवलात. मी रडत होते तर म्हणालात, देव बघतोय. तुम्हीच बघत होतात!"

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. तू समोर आलीस की जीभ उचलायची नाही."

तिनं ट्रे खाली ठेवला. कप सगळ्यांच्या हातात दिले, बापाच्यासुद्धा. त्याच्या चहात साखर कमी घातली होती, नेहमीसारखी. मग चपला घालून बाहेर गेली.

मी भिंतीकडे बघत बसले. माझाच भाऊ. आम्ही एका ताटात जेवलो होतो.

७

शनिवारी दोघे भाऊ एका टेबलाशी बसले. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा. विमाबाईंनी निकाल सांगितला. विचारतील तर सांगायला म्हणून मला दाराशी उभं केलं होतं.

"धाकट्यांकडे चोरण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून पहाराही पुष्कळ आहे. थोरल्यांकडे चोरण्यासारखं काही नाही असं सगळ्यांना वाटतं, थोरल्यांनाही. म्हणून तिथे जुनं यंत्र, जुनी ओळख आणि जुना विश्वास उघड्यावर आहे. धाकट्यांकडे चोर आला तर काम बुडेल. थोरल्यांकडे आला आणि त्यानं ठरवलं, तर भट्टी पेटेल, माणसं भाजतील. तुम्ही विचारलंत, जास्त धोका कुणाला. ती करडी वायर भिंतीत आहे तोवर तुम्हा दोघांना वेगळं तोलताच येणार नाही."

धाकटे पासवर्डकडे बघत होते, पासवर्ड छताकडे. थोरले म्हणाले, "भट्टी मी दिली होती. हौसेनं."

तक्रारीतून चिमणीचं नाव निघालं. धाकटे म्हणाले, सोमवारपासून कामावर ये, झालं गेलं विसरू. पण ती आली तेव्हा फाटकापाशी सगळे तिच्याकडे तसेच बघत होते. कारण मालकांनी कागदावरचं नाव खोडलं होतं, लोकांच्या तोंडातलं नाही.

तेवढ्यात रिक्षातून दादा उतरला. इस्त्रीचा शर्ट, निवृत्तीच्या दिवशीचा. मला धाप ऐकू येत होती. दोन्ही कारखान्यांची पाळी आत जायच्या वेळेला तो फाटकाच्या मधोमध उभा राहिला, चिमटेवाले एका बाजूला, हातोडेवाले दुसऱ्या.

"माझ्या मुलीनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "चोराला मी आत घेतलं. मला कळलं, तरी मी गप्प बसलो. तिच्यावर आलं, तरी गप्प बसलो. तिच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आत गेले. जाताना कुणी म्हणालं, "होतं असं, फोरमन." त्या शब्दांनी तो जेवढा वाकला, तेवढा शिव्यांनी वाकला नसता. चिमणी सगळ्यांत शेवटी गेली. त्याच्याजवळ थांबली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि आत गेली.

जोडणी कायमची काढली गेली. पडद्यावरचा ठिपका पुन्हा लागला नाही. चिमणी बापाकडे रोज जायची, जेवण करायची, औषध द्यायची. दोघं तेवढ्यापुरतंच बोलायची. भट्टीचा विषय दादानं कधी काढला नाही. मी जुळ्यांच्या गोष्टी सांगायचे, तो ऐकल्यासारखं करायचा.

शेवटी एकदा दुपारी चिमणीचा मला कारखान्यात फोन आला. दादाला दवाखान्यात ठेवलं होतं. दारापाशी जमा केलेला मोबाईल तिनं सुट्टीत मागून घेतला होता, त्यावर दादाजवळ बसलेल्या शेजारीण बाई होत्या, आणि माझ्याशी ती त्यांच्या कारखान्याच्या फोनवरून बोलत होती.

"आत्या, बाबा विचारताहेत," ती म्हणाली, "भट्टी किती आहे?"

मी मान वर करून पडद्याकडे बघितलं आणि आकडा सांगितला. तिनं तो तिकडे सांगितला. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "म्हणाले, बरोबर आहे. म्हणाले, वरचं दार बघा."

मी उठून बघितलं. दार जरासं सैल होतं.

माझा दादा त्याच आठवड्यात, जुळ्यांचा पहिला वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीच्या वेळेला गेला. चिमणी त्याच्याजवळ होती.